सोमवारच्या सह्या

गीझरवाल्याला बाथरूममध्ये सोडलं की घरातली माणसं बाहेर मोकळेपणी बोलायला लागतात. त्यांना वाटतं, आत काही ऐकू येत नाही. अहो, बाथरूमइतकं स्वच्छ कुठेच ऐकू येत नाही! त्यामुळे आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. टाकीच्या तळाला क्षार बसतो तसे ते बसत जातात, आणि एकदा काढायला घेतले की तगारीभर निघतात. मात्र सगळेच हसण्यासारखे निघत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळमध्ये एका गीझर कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. सेंटर कसलं, एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा. मालक शेट्येसाहेब. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघं: इस्माईलभाई, बाळ्या पाटील आणि मी. मी प्रकाश, पण मला सगळे पक्याच म्हणायचे. मूळचा चिपळूणकडचा, राहायला दिघ्याला मोठ्या भावाकडे. बाळ्या शिरवण्याचा, म्हणजे तिथल्याच गावचा, आम्ही सगळे यायच्या आधीपासूनचा. आणि इस्माईलभाई म्हसळ्याकडचे, आधी जहाजावर फिटर होते. वयाने आमच्या बापासारखे, पण कामाला आमच्या पुढे.

आमचं मुख्य काम रॉडचं. गीझरच्या टाकीत पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या शेजारी मॅग्नेशियमची एक दांडी असते. पाणी टाकीच्या लोखंडाला खायच्या आधी ह्या दांडीला खातं. ती आहे तोवर टाकी शाबूत. ती संपली की पाणी टाकीच्या मागे लागतं. म्हणून वर्षातून एकदा खोलून बघायची, झिजली असेल तर बदलायची. त्या काळी नव्या सोसायट्यांना बोअरचं आणि टँकरचं क्षाराचं पाणी, त्यामुळे रॉड भराभर संपायचे.

* * *

हे गिऱ्हाइकाला समजावणं म्हणजे महाकठीण. सानपाड्याला एक रिटायर्ड हेडक्लार्क होते. मी त्यांचा जुना रॉड काढून दाखवला. अंगठ्याएवढी जाड दांडी झिजून पेन्सिलीएवढी झालेली.

"हे कोणी खाल्लं?"

"पाण्याने."

"आणि आता नवीन बसवणार, ती?"

"तीपण पाणीच खाणार, काका."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग बसवताच कशाला? काढून टाका. राहू दे पाण्याला उपाशी!"

मी तासभर डोकं आपटलं. शेवटी इस्माईलभाई आले. म्हणाले, "काका, घरात पाहुणा आला आणि जेवन नाय दिलं, तर तो काय करेल?" काका म्हणाले, "निघून जाईल." इस्माईलभाई म्हणाले, "हा नाय जात. हा भांडी खातो." काकांनी निमूट नवीन रॉड बसवून घेतला, वर आम्हाला चहा पाजला.

* * *

इस्माईलभाईंची एक खासियत होती. गीझरसमोर उभे राहिले की आधी ते पान्याच्या दांड्याने टाकीवर हलकेच टकटक करायचे, कान लावायचे, डोळे मिटायचे. घरातली माणसं श्वास रोखून बघत राहायची. मग इस्माईलभाई म्हणायचे, "गेलाय." किंवा, "हाय अजून, पण बघून घेऊ." उघडलं की तंतोतंत तसंच निघायचं!

मी आणि बाळ्या ह्या टकटकीवर फिदा होतो. गाळ्यात रिकाम्या टाक्या वाजवून आम्ही कान तयार करत बसायचो. बाळ्या म्हणायचा, "मना तर सगल्यांचा आवाज सारकाच येतो रं." मला मात्र फरक कळायला लागलाय, असं वाटायचं. वाटायचं म्हणजे, मी तसं ठरवूनच टाकलं होतं.

* * *

आता सह्यांचं सांगतो. कंपनीचा नियम असा, की रॉड तपासल्याच्या कार्डावर ट्रेनिंग झालेल्या माणसाचीच सही हवी. ते कार्ड तारेने गीझरला लटकवायचं. ट्रेनिंग झालेले फक्त इस्माईलभाई. आणि कॉल तर आम्ही तिघंही घेणार, वाशीपासून बेलापूरपर्यंत. मग करायचं काय?

शेट्येसाहेबांनी तोड काढली. दर सोमवारी सकाळी चहाबरोबर इस्माईलभाई कोऱ्या कार्डांच्या अख्ख्या पॅडवर सह्या करून ठेवायचे. खाली बाकदार सही, वरचे रकाने मोकळे. पॅड आमच्या हातात देताना दर सोमवारी एकच वाक्य: "रॉड बघून भर." आम्हाला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं, की बाळ्या त्यांच्या आधीच म्हणून टाकायचा.

एका सोमवारी बाळ्याने पॅडच्या मध्येच एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'येत्या रविवारी मी बाळ्या आणि पक्याला घरी बोलावून पोटभर कोलंबी खायला घालीन.' इस्माईलभाई बोलत बोलत सह्या करत गेले आणि त्याच्यावरही बाकदार सही ठोकली! बाळ्याने कागद फडकावला. गाळ्यात हसून हसून आमची पुरेवाट झाली.

रविवारी सकाळी शेट्येसाहेबांच्या पेजरवर इस्माईलभाईंचा निरोप: दोघांना एक वाजता पाठवा. आम्ही त्यांच्या नेरूळच्या खोलीवर गेलो, तर भाभींनी कोलंबीचं कालवण केलेलं, तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या. बाळ्या ओशाळला.

"इस्माईलभाय, मी मस्करी केलती. तुमी खरंच मनावर घेतलीव?"

"सही माझी हाय ना?" इस्माईलभाई म्हणाले. "मग बस, जेव."

* * *

एकदा न्हावा शेव्याहून एका क्लिअरिंग एजंटचा फोन आला. जहाजातून एक परदेशी घरगाडी उतरली होती. बसएवढी लांब, आत पलंग, ओटा, बाथरूम, सगळं. एक गोरे आजोबा-आजी तिच्यातून जग बघत फिरत होते. कसला तरी कागद अडला म्हणून गाडी त्याच्या यार्डात उभी होती, आणि नेमका त्यांचा गीझर गळायला लागला. इस्माईलभाईंना जहाजावरची इंग्लिश येत होती, म्हणून तेच निघाले. हमाली करायला मी.

तिथे बघतो तर गंमत! गीझरला गाडीच्या बाहेरून झाकण. झाकण उघडलं की समोर एकच मोठा नट, आणि रॉड त्या नटालाच लावलेला. मला वाटलं, हे तर पोरखेळ! सरळ पाना लावला आणि फिरवला.

"आधी प्रेशर सोड!" इस्माईलभाई ओरडले.

कसलं सोडतोय! नट हातात, झिजलेला रॉड तुटून पायावर आणि अख्खी टाकी माझ्या छातीवर रिकामी झाली. गीझर आदल्या दिवसापासून बंद होता, नाहीतर भाजून निघालो असतो. आजी टॉवेल घेऊन धावल्या. मला पुसता पुसता त्याच "सॉरी सॉरी" म्हणत होत्या!

रॉड संपलाच होता. तसला आपल्याकडे कुठे मिळणार? इस्माईलभाईंनी त्यांच्याच नटाला भोक पाडून आटे काढले आणि आपल्या गीझरचा रॉड कापून त्यात बसवला. आट्यांना टेप गुंडाळून नट परत आवळला, तशी गळती थांबली. मग आजोबांनी एक छोटी वही काढली आणि त्यात तारीख लिहिली. आधीच्या सगळ्या रॉडच्या तारखा त्यात त्यांच्या हाताने लिहिलेल्या होत्या. दर वेळी स्वतः उघडून बघायचे म्हणे.

परत येताना टेम्पोत इस्माईलभाई त्या वहीबद्दलच बोलत होते. "बघ पक्या, कार्ड नाय, सही नाय. ज्याचं पानी त्याने बघायचं. आपल्याकडं गिऱ्हाईक कागद बघतं, रॉड बघतच नाय."

मी म्हटलं, "मग तुम्ही तरी कोऱ्या कार्डावर सही कशी करता?"

"कार्डावर कुठं करतो?" ते म्हणाले. "तुमच्या दोघांवर करतो."

मी हसलो. शर्ट अजून ओला होता आणि खाडीवरून वारा येत होता. त्या दिवशी मला त्या बोलण्याचं वजन कळलं नाही, आणि कळायला हवं होतं.

* * *

इथून पुढचं मी फारसं कोणाला सांगत नाही.

वाशीला सबनीसकाकांकडे मी एका शनिवारी पहिल्याच वार्षिक सर्व्हिसला गेलो. तिसरा मजला. बाथरूममध्ये जागा नाही म्हणून गीझर बाहेर पॅसेजच्या माळ्यावर बसवलेला. टाकीच्या तळाला सहा बोल्टांचं झाकण असतं. ते उघडलं की रॉड बाहेर येतो. झाकणाखाली पाणी अडवायला रबरी गास्केट. एकदा उघडलं की जुनं गास्केट टाकून नवीन लावायचं, हा नियम. कारखान्यातून येतं ते काळं, आम्ही लावायचो ते लाल.

मी बॅगेत हात घातला, तर गास्केट नाही! शेवटचं सकाळीच वापरलं होतं. आणायचं तर बस पकडून नेरूळला जा, परत या, दुपार गेली. काकू म्हणत होत्या, "झालं का हो?" मी पान्याच्या दांड्याने टाकी वाजवली. कान लावला. डोळेसुद्धा मिटले! आणि पॅडमधलं सही केलेलं कार्ड काढून 'रॉड ठीक' ह्या रकान्यात खूण केली. वर लाडू खाऊन निघालो.

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, हेच सगळ्यात वाईट.

सातआठ महिन्यांनी सबनीस चार दिवस पुण्याला लेकीकडे गेले. मागे टाकीचा तळ फुटला. पाणी पॅसेजभर, तिथून भिंतीत आणि भिंतीतून खालच्या मजल्यावर मोरेवहिनींकडे. मोरेवहिनी साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. लग्नसराई होती. लोकांच्या कोऱ्या साड्यांचे गठ्ठे भिंतीतल्या कपाटात रचलेले. दोन दिवस त्यांना पत्ताच नाही. कपाट उघडलं तेव्हा घडीघडीतून गंजाचं तांबडं पाणी उतरलेलं.

मी आणि इस्माईलभाई गेलो तेव्हा वहिनी जमिनीवर साड्या पसरून बसल्या होत्या. आरडाओरडा नाही, काही नाही. एक पिवळी साडी उचलून म्हणाल्या, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या साड्या सांभाळतेय. हळदीचा डाग पडू दिला नाही कधी." मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. इस्माईलभाईंनी हात जोडले.

वर जाताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "पक्या, रॉड बघितला व्हतास?"

"हो," मी म्हणालो. "अर्धा होता."

* * *

त्यांनी टाकी खाली उतरवली आणि बोल्ट सोडायला घेतले. मी टॉर्च धरला होता. झाकण निघालं. रॉडच्या जागी नुसती त्याच्या पोटातली लोखंडी तार उरलेली. आणि झाकणाला चिकटलेलं गास्केट काळं होतं.

काळं म्हणजे, कारखान्यातून निघाल्यापासून ते झाकण कोणीही उघडलेलं नव्हतं.

इस्माईलभाईंनी ते गास्केट नखाने सोडवलं, बोटात धरून जरा वेळ बघितलं, आणि पँटच्या खिशात टाकलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले होते का, मला माहीत नाही. मी टॉर्च जमिनीकडे वळवला.

"टॉर्च जरा वर धर," ते म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी कंपनीचे एरिया साहेब गाळ्यावर आले. टेबलावर ते कार्ड ठेवलं, शेजारी ती तार.

"ही सही कोणाची?"

"माझी हाय," इस्माईलभाई म्हणाले.

"रॉड तपासला होता?"

"सही माझी हाय, साहेब."

"मी विचारतोय, तपासला होता का?"

"साहेब, सही माझी हाय."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच उत्तर! बाळ्या माझ्याकडे बघत होता. शेट्येसाहेब टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते. त्या कॉलला कोण गेलं होतं, हे गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं. पण मी रॉड न बघता खूण केली, हे फक्त मला आणि इस्माईलभाईंना माहीत होतं. कंपनीच्या नियमात गेलं कोण, याला रकानाच नव्हता. सही कोणाची, एवढंच.

मी बोलायला हवं होतं. दोन पावलं पुढे यायचं आणि तीन शब्द बोलायचे, 'मी नाही बघितला.' पण माझं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना भावाने 'कंपनीत टेक्निशियन आहे' असं सांगितलं होतं. ही कारणं मी नंतर जमवली. खरं सांगायचं तर भीती वाटली. दुसरं काही नाही.

साहेबांनी इस्माईलभाईंचं सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवून बॅगेत घातलं. आता कंपनीच दुसरा माणूस पाठवणार होती. शेट्येसाहेब म्हणाले, "इस्माईलभाई, तुम्ही हेल्पर म्हणून राहा. माझी ना नाही."

"आता कुनाच्या सहीखाली काम नाय जमायचं, साहेब," ते म्हणाले.

* * *

शेवटच्या दिवशी ते आपला पान्यांचा डबा आवरत होते. बाळ्याच्या डोळ्यांत पाणी. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "इस्माईलभाय, टाकीचा आवाज कसा वलकायचा, तवरा तरी शिकवून जा."

इस्माईलभाई हसले. "आवाजावरून काय कळतंय, येड्या?"

"मंजे?"

"टाकी वाजवली की गिऱ्हाईक दोन मिनिटं गप ऱ्हातं. तेवढ्यात मी कुठला बोल्ट गंजलाय ते बघून घेतो. बाकी त्या घरचं पानी कुठलं, गीझर कधी बसवला, ते आधीच विचारलेलं असतं. त्यावरून अंदाज. रॉड उघडूनच बघायचा असतो."

मी कोपऱ्यात वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झालेली वायर मी सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

नंतर कळलं, की महिनाभर ते रोज संध्याकाळी मोरेवहिनींकडे जाऊन त्यांच्या गिऱ्हाइकांना स्वतः सांगत होते, बाईंची काही चूक नाही, गीझर आमचा होता. हे बाळ्याला वहिनींनी सांगितलं आणि बाळ्याने मला. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मग भाभींना घेऊन इस्माईलभाई गावी गेले.

* * *

माझं लग्न झालं. पुढे ट्रेनिंगही झालं आणि भिंतीवर माझं सर्टिफिकेट लागलं. मी कोऱ्या कार्डावर कधी सही केली नाही. बाळ्या एकदा म्हणाला, "तुजा बाकी इश्वास नाय कुनावर." मी बॅगेतली गास्केटं मोजायला घेतली.

इस्माईलभाई गेल्यावर दीड वर्षाने एकदा बायकोला सांगितलं, एका माणसाची माफी मागायची आहे. एसटीने म्हसळ्याला गेलो, तिथून पुढे रिक्षा. सवयीने कामाची बॅग खांद्याला होतीच. वाटभर वाक्यं जुळवत होतो.

इस्माईलभाई पुढच्या पडवीत बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. मला बघून उठले, पाठीवर थाप मारली. भाभी आतून म्हणाल्या, "पक्या, जेवून जायचं हां, कोलंबी हाय!" बाळ्या कसा आहे, शेट्येसाहेबांची शुगर कशी आहे, सगळं विचारून झालं. चहा आला. कप खाली ठेवला आणि मी सुरुवात केली.

"इस्माईलभाई, त्या सबनीसांकडे मी..."

"चहा झाला ना?" ते उठले. "चल. पोराने दुबईवरून पैसे पाठवून गीझर लावून घेतलाय. वर्ष झालं. माझा हात आता वर जात नाय."

मी मागोमाग गेलो. बाथरूममध्ये भिंतीवर गीझर. मी बॅग खाली ठेवली. पान्याच्या दांड्याकडे हात गेला नाही. थेट बोल्टचा पाना काढला.

"गास्केट हाय का बॅगेत?" त्यांनी विचारलं.

"आहे. दोन आहेत."

ते बाहेर गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात गाळ्यावरून येताना बरोबर आणलेलं आमचं ते जुनं पॅड होतं. तळाला तीनचार कार्डं उरलेली. त्यांनी पॅड दारावर टेकवलं, पेन झटकलं, एका कोऱ्या कार्डावर खाली ती बाकदार सही केली आणि कार्ड फाडून माझ्या हातात दिलं.

"रॉड बघून भर," म्हणाले, आणि पडवीत जाऊन बसले.